डिस्क किती उरली

८ जानेवारी, गुरुवार

डोंगरकडा गावाच्या अलीकडच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पायाखाली पेडल थरथरलं. व्हॅनमध्ये तांड्यावरची सात लेकरं. शाळेपर्यंत वीसच्या वर गेलो नाही.

९ जानेवारी

पुन्हा तसंच. बायको, भिकाबाई, म्हणाली, "पोरीला दाखवा की." शितल आमची धाकटी. आयटीआय करून कळमनुरीला गॅरेजात लागली. पण बावीस वर्षं गाडी चालवणाऱ्यानं पोरीला विचारायचं? ब्रेकचे पॅड बदलू, झालं.

११ जानेवारी, रविवार

शेवटी तीच जॅक लावून बसली. चाक काढलं. डिस्कच्या — चाकामागच्या त्या लोखंडी थाळीच्या — कडेवर माझं बोट फिरवलं.

"नख अडकतंय न, बापू?"

अडकलं. पॅड घासतात तेवढा भाग झिजून आत गेलेला, कड तेवढी उंच राहिलेली. मधे खोल रेघा. मी म्हटलं, लेथवर घासून घेऊ.

"आधी जाडी मोजू द्या." मायक्रोमीटर गॅरेजातून आणलं होतं. गोल फिरवत सहा-सात जागी मोजलं. कमीत कमी पंधरा मिलिमीटर पाहिजे — डिस्कवरच कोरलेलं असतं. इतकी वर्षं तो आकडा मी वाचला नाही. एका जागी साडेचौदा, दुसरीकडे चौदाच्याही खाली.

"कमी-जास्त झिजली म्हणून पेडल थरथरतं. पंधराच्या खाली गेली की घासायची न्हाई, बदलायची. दोन्ही चाकांची, पॅडसकट."

मग पॅड माझ्यापुढं धरला. त्याला एक पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून चिरकते, ड्रायव्हरला कळावं म्हणून. पट्टी घासून चकचकीत झाली होती.

"हे महिनाभर तरी किंचाळून राहिलं असंल. तुमी काहून थांबला न्हाई?"

"आवाज आला नाही," म्हटलं.

पॅड माझ्या हातात ठेवून ती दुसरं चाक काढायला वळली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी

डिस्क गुरुवारी मिळणार. लेकरं जळबाच्या ऑटोत पाठवली. त्याला विचारलं, माझी गाडी वाजायची का? म्हणाला, "दादा, तुमी वळणावर यायच्या आधी आवाज यायचा. वाटलं, तुमाला ठाऊक असंल."

१३ जानेवारी

रुपाला विचारलं. तिसरीतली, रोज माझ्या मागच्या सीटवर बसते. "आमी कानावर हात ठेवायचो, आजा."

१५ जानेवारी

नवीन डिस्क बसल्या. पेडल एकदम स्थिर. "पहिले दोनशे किलोमीटर जोरात दाबू नका," शितल म्हणाली. शेजारी बसून फेरी मारायला आली. हायवेवर अचानक माझा दंड धरला — "बापू, हॉर्न!" मागून टिप्पर अंगावर आला होता. आरशात बघितला तेव्हा कळलं.

गाडीत आता खोट नाही. रात्रभर हेच डोक्यात.

१७ जानेवारी

हिंगोलीला कान तपासले. दोन्ही कानांना ऐकू येणं बरंच कमी झालंय, बारीक आवाज तर जवळजवळ येतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे चार-पाच वर्षांचं आहे, एकाएकी झालेलं नाही.

संध्याकाळी सातही घरी गेलो. सगळं सांगितलं — डिस्क, पॅड, कान. रुपाच्या आईला, पद्माबाईला, सगळ्यात शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी सोमवारी येईल. पण गाडी शितलनं चालवायची."

बराबर आहे. तिच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळची फेरी शितलनं केली, मग गॅरेजला गेली. संध्याकाळी जळबा आणणार. मी मागं लेकरांत बसलो होतो. उतारावर पोरीनं किती अलगद ब्रेक लावला!

३० जानेवारी

कानाला मशीन लागलं. घरी आलो तर भिकाबाई चुलीपुढं काहीतरी पुटपुटत होती. "कोणाशी बोलतेस?" विचारलं. म्हणाली, "तुमच्याशीच. तुमी उत्तर द्यायचे न्हाई. वाटलं, माझ्यावर राग आहे. म्हणून मीच हळू बोलायला लागले."

मी इतकी वर्षं समजत होतो, ही अबोल झाली.