निदानासाठी उपवास

२ मार्च
पोहोचले! डोंगरातलं हे प्रार्थनागृह मला पाहताक्षणी आवडलं. खोली लहान, पण उबदार. आईने सोकच्यो बंदराच्या बाजारात मासळी विकून मला मानसशास्त्र शिकवलं, ते अशाच कामासाठी. पास्टर माक म्हणाले, आजारी असेल त्याला इस्पितळात पाठवायचं, सैतानाने पछाडलेला असेल त्याच्यासाठी प्रार्थना करायची. कोण यातला कुठला, हे ओळखायला मला मदतीला घेतलंय. स्वयंपाकघरातल्या क्वोनमावशी मात्र मला किमचीच्या लोणच्यासाठी कोबी कापताना बघून म्हणाल्या, "पदवीधर बाई, कोबी कापताय की लाकडं फोडताय?"

८ मार्च
सनह्वा नावाची मुलगी आली. भिंतीशी बोलते. तिच्या बापाने इस्पितळातल्या गोळ्या पास्टरांच्या हाती दिल्या. मला ती आजारीच वाटते. पण बायबल उघडलं की ती किंचाळते. खात्रीने सांगता येईना.

११ मार्च
इथे उपवासाशिवाय कुणी मोठा निर्णय घेत नाही. मी उपवास करून देवाला विचारावं, तोवर सनह्वानेही उपवास करावा आणि गोळ्या बंद ठेवाव्यात, असं पास्टरांनी सुचवलं. मी मान डोलावली. आईला फोन करावासा वाटला, पण काय सांगणार?

१४ मार्च
मावशींनी गुपचूप पेज आणली. घेतली नाही. त्या वाडगा उचलून गेल्या. आता माझ्याशी कुणीच फारसं बोलत नाही. उपवासाला बसलेल्याला त्रास देऊ नये म्हणतात.
सनह्वाचे ओठ फुटलेत. ती पाणीही घेत नाही.

१५ मार्च
सकाळच्या प्रार्थनेत सगळे एकदम, मोठ्याने, आपापलं मागणं मागतात. कुणाचं कुणाला कळत नाही. त्या गदारोळात एका बाईचा आवाज माझं नाव घेत होता. ओकजिन, ओकजिन. वळून पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले.
उपाशी मेंदूला असं ऐकू येतं. हे मी शिकलेय.

१६ मार्च
आवाज जेवणघरातही आला. तिथे कुणीच नव्हतं.
निर्णय झाला. सनह्वा आजारी आहे, इस्पितळात गेली नाही तर मरेल. मी तिथे फोन केला. गाडी उद्या येणार. पास्टरांना खरं ते सगळं सांगितलं — आवाजाचंही. ते खूप प्रेमाने ऐकत होते.

१७ मार्च
गाडी आली. खिडकीतून पाहिली. फाटकाशी पास्टर काहीतरी बोलले आणि ती रिकामीच वळली. मावशी दाराबाहेरून रडत म्हणाल्या, "फोन करणारीलाच बरं नाही, असं त्यांना सांगितलंय गं."
दाराला बाहेरून कडी.

दुपार
पलीकडच्या खोलीत सनह्वा भिंत खरवडत होती. आता नाही. मी ओरडले — तिला पाणी पाजा, तिला आधी — बाहेर कुणी म्हणालं, बघा, तिच्यातला सैतान कसा गुरगुरतोय.

१८ —
सगळे खोलीत आलेत. माझ्याभोवती बसून मोठ्याने प्रार्थना. मावशीसुद्धा. लिहू देतात, अजून तरी. तो बाईचा आवाज त्यांच्यात आहे, अगदी जवळ. आता नाव घेत नाही, हसतो.
मावशींनी डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बघतायत.
मी ओठ घट्ट मिटलेत, तरी हसणं थांबत नाही. मिटलेच आहेत, मी हाताने चाचपून —