खोकी टाकायची नाहीत

पिपलानी, भोपाळ
९ डिसेंबर २०२४

प्रिय वन्सं,

पाया पडते असं लिहिणार होते, पण समोर असताना तुम्ही कधी पडू दिलं नाहीत, मग कागदावर कशाला पडू? गुडघे कसे आहेत? कानाचं नवं यंत्र लावता की अजून डब्यातच आहे? आम्ही इकडे मजेत. थंडी मरणाची पडलीय. मटार स्वस्त झालेत, रोज सोलते. ह्यांना जरा खोकला आहे, थंडीचा. बाकी ठीक.

पार्सल पोचलं. वन्सं, रागावू नका, पण ह्या पार्सलांबद्दल एकदा मनातलं बोलूनच टाकते. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू जायचं तर मला ओरडावं लागतं, आणि ह्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी ओरडले की ह्यांनाच काय, शेजारच्या हेमंतलाही सगळं कळतं. म्हणून कागद घेऊन बसले.

ह्या वयात तुम्ही मोबाइलवर खरेदी शिकलात, नागपुरात बसून धाकट्या भावाला कायकाय पाठवता, ह्याचं मला कौतुकच आहे. पण ते येतं कसं ते तुम्ही बघत नाही ना! ह्या वेळची मधाची बाटली घ्या. बाटली एवढीशी, आणि खोकं एवढं की आमचा टीव्ही मावेल. आधी सुरी, मग कात्री, शेवटी दात लावले तेव्हा कुठे उघडलं. आणि आत ते थर्माकोलचे दाणे! साबुदाणाच म्हणा ना. झाकण वर करायचा अवकाश, भसकन बाहेर. साडीला, पडद्याला, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालासुद्धा चिकटले. झाडावेत तर पुढे पळतात. ओल्या फडक्यानं टिपावेत तर फडक्याला बसतात, आणि फडकं धुतलं की मोरी तुंबते. दुसऱ्या दिवशी एक वरणात निघाला. हे म्हणतात, "आज उपास आहे का गं?" इतकं हसले, इतकं हसले, की त्यातूनच खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना. पाणी देऊन पाठ चोळत बसले. धुळीनं चाळवतो हो खोकला. खोक्यांबरोबर कुठल्या कुठल्या गोदामातली धूळ येते.

त्या कंपनीला फोन लावला होता मी. गाणं ऐकवून ऐकवून शेवटी एक मुलगी बोलली. मी म्हटलं, बेटा, घर में मरीज है, ये दाने मत भरा करो. ती म्हणाली, "मॅडम, प्रॉडक्ट डैमेज हुआ है क्या?" नाही म्हटलं, प्रॉडक्ट बढिया है, मेरा घर डैमेज हुआ है. "तो मैं आपको रिप्लेसमेंट भेज देती हूँ." आणि पाठवलं की हो मेलीनं! दुसरी बाटली, दुसरं खोकं, दुप्पट दाणे. आता मी हसू की रडू?

"मरीज" आपलं असंच म्हटलं. त्याशिवाय ऐकत नाहीत ना.

बरं, कबाडीवाल्याला देऊन मोकळं व्हावं, तर तुमचे बंधुराज खोक्याला हात लावू देत नाहीत. तुम्हाला माहीतच आहे, आम्हा बदलीवाल्यांच्या घरात खोकं म्हणजे सोनं. झाशीहून इथे आलो तेव्हा आख्ख्या कॉलनीत खोकी मागत फिरलो होतो. तेव्हापासून घरात कायदाच आहे, खोकी टाकायची नाहीत. येत्या एप्रिलमध्ये हे रिटायर होणार, क्वार्टर सोडावा लागणार, म्हणून आता जोर चढलाय. मागची खोली खोक्यांनी भरली. दाणेसुद्धा पिशवीत भरून ठेवतात. दिवसभर स्टुलावर बसून कापतात, जोडतात, टेप लावतात. स्वयंपाकघरात मला तो टेपचा चर्र चर्र आवाज येत असतो. सध्या रजेवरच आहेत. शिल्लक आहे तर घ्यावी, म्हणतात.

तेव्हा वन्सं, म्हण वापरते, पोटात घाला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झालीय. पाठवूच नका काही. इथे बिट्टन मार्केटात सगळं मिळतं, तेही कागदाच्या साध्या पुडीत.

माझ्या लग्नात तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, जितूला वाघीण मिळाली म्हणून. ती अजून तशीच आहे, काळजी नसावी.

तुमची वाघीण भावजय,
सुचेता


पिपलानी, भोपाळ
२ जानेवारी २०२५

वन्सं,

तुमचं पत्रही आलं आणि पत्राआधी पार्सलही आलं. "राग आला नाही" असं तुम्ही तीनदा लिहिलंय, म्हणजे चांगलाच आलाय. आणि तरी तुपाची काचेची बरणी पाठवलीत, वर जास्तीचे पैसे भरून दुप्पट पॅकिंग सांगितलंत! तुमच्या प्रेमापुढे मी हात टेकले.

पण ह्या पार्सलामुळे जे झालं, ते आता तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या गळ्याखाली घास उतरणार नाही. ह्यांनी मला शपथ घातलीय, तुम्हाला आणि आमच्या लेकीला, जुईला, काही कळवायचं नाही म्हणून. ती मोडतेय. काय व्हायचं ते माझं होवो.

तो खोकला थंडीचा नाही वन्सं.

दिवाळीच्या आधीपासून आहे. जुई भाऊबीज उरकून पुण्याला परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी हे जिन्यात बसले. पहिल्या मजल्याला चढताना. ओठ काळेनिळे. हेमंतनं आणि मी धरून वर आणलं. मग साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो, फोटो काढले. छातीत उजवीकडे काहीतरी आहे. काय आहे ते फोटोवरून सांगता येत नाही, नळी घालून तुकडा काढून तपासावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चांगल्या आहेत हो, लेकीच्या वयाच्या. म्हणाल्या, "अंकल, पता तो चले कि है क्या, तभी तो दवा देंगे." हे बाहेर आल्यावर म्हणाले, "तुकडा काढायचा नाही. विषय संपला."

का, ते तुम्हाला ठाऊक आहे. मामंजींचा तुकडा काढला आणि दोन महिन्यांत ते गेले. तेव्हा तेराव्याच्या पंगतीत तुम्ही म्हणाला होतात, "तुकडा काढला, आत वारा लागला आणि पसरलं. नाहीतर दादा अजून दहा वर्षं जगले असते." हे तेव्हा बारावीत होते म्हणे. ते वाक्य ह्यांनी इतकी वर्षं मनात धरून ठेवलंय. मी हातापाया पडले, रडले, अबोला धरला. एकच उत्तर, "ताई म्हणाली ते खोटं नव्हतं." मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ताई म्हणतात तसं होतं का हो? त्या म्हणाल्या, वाऱ्यानं काही पसरत नाही आंटी, ते तेव्हाच पसरलेलं असणार, उशिरा कळलं एवढंच. पण त्यांचं कोण ऐकतं? हे पडले ताईवेडे.

मी तुम्हाला दोष देत नाहीये. बाप गेलेल्या पोरीनं काहीतरी म्हटलं, त्याचा काय दोष? पण आता ऐका पुढचं.

तुमची बरणी मी उघडायला घेतली ती मागच्या खोलीत, म्हणजे दाणे बाहेर यायला नकोत. हे गॅलरीत उन्हाला बसले होते. खोकं फुटलं आणि सगळीकडे पांढरं. रागारागानं झाडायला लागले, आणि झाडता झाडता ह्यांची रिकामी खोकी बाजूला सरकवायला गेले, तर एक हलेना. जड. दुसरं ओढलं, तेही जड. रिकामं खोकं जड कसं असेल? मी टेप फाडली.

आत माझी पुरणाची चाळणी. माझ्या आईची समई, दोन्ही भाग वेगळे करून जुन्या चादरीत गुंडाळलेले. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या माझ्या लग्नातल्या साड्या. जुईचं झबलं. मधे सगळे ते दाणे, ज्यांच्या नावानं मी बोटं मोडत होते, ते इतके नीट भरलेले, की चाळणीला जरा धक्का बसू नये. दुसरं उघडलं. माझ्या हलव्याच्या दागिन्यांची पेटी, माझी पुस्तकं, माझे लोकरीचे गुंडे. झाकणाच्या आतल्या बाजूला "पुणे" लिहिलेलं. जुईकडे.

मी वेड्यासारखी उघडत सुटले. वन्सं, कुठल्याच खोक्यात ह्यांचं काही नव्हतं. एक शर्ट नाही. पट्टा नाही, कॅरमचा लाडका स्ट्रायकर नाही, कारखान्यातून मिळालेलं घड्याळ नाही. सगळं माझं. ह्या माणसानं नुसता माझा संसार बांधून ठेवला आहे.

मी तिथेच फरशीवर बसले. मग बाहेर खोकल्याचा आवाज आला, तशी घाईघाईनं सगळं होतं तसं भरलं, टेप लावली, दाणे झाडले, तोंड धुतलं आणि चहा टाकला.

चहा देताना ह्यांनी माझ्या केसांतून एक दाणा काढला. चिमटीत धरून बघत राहिले.

"हा कुठे लागला गं?"

"तुमच्या ताईंच्या पार्सलातला," मी म्हटलं.

"एवढे?" म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. पाठभर होते वाटतं. मला कळलं की ह्यांना कळलं.

मग माझा धीर सुटला. म्हटलं, "हे काय चालवलंय तुम्ही?"

"एप्रिलमध्ये क्वार्टर सोडायचाय. तुझी धावपळ नको."

"आणि तुमचं सामान?"

"माझं काय गं," अगदी सहज म्हणाले, "ऐन वेळी एका पिशवीत होईल."

आणि बशीत चहा ओतून प्यायले, नेहमीसारखे. वन्सं, मी इतकी कधीच घाबरले नव्हते. जिन्यात बसले तेव्हासुद्धा नाही. हा माणूस भांडत नाहीये. रोज टेप लावतोय. मला आधी त्या आवाजाचा वैताग यायचा. आता मी पोळी तव्यावर टाकून कान तिकडे लावते. चर्र वाजलं की हायसं वाटतं. जरा वेळ वाजलं नाही की गॅस तसाच ठेवून धावते, आणि दारातून बघते, छाती वरखाली होतेय ना. परवा दोन पोळ्या करपल्या. ह्यांनी तशाच खाल्ल्या.

म्हणून सांगते, तुम्ही या. फोनवर ओरडून सांगायची ही गोष्ट नाही. समोर बसून, ह्यांचा हात धरून तुम्ही म्हणायला हवं, "जितू, मी तेव्हा चुकीचं बोलले. तुकडा काढून घे." माझं, डॉक्टरांचं, देवाचं ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. तुमच्या मनाला अजून तसंच वाटत असेल, तरीही म्हणा. तेवढं खोटं माझ्यासाठी बोला. तपासात काय निघेल ते मला माहीत नाही, भीती तर त्याचीही वाटते. पण न तपासता ह्या खोक्यांमध्ये बसून राहायची भीती जास्त आहे. डॉक्टरीणबाईंनी पंधरा तारखेच्या बुधवारपर्यंत जागा धरून ठेवते म्हटलंय.

गाडीत कोणी तरी शेजारी बसलेलं बघून सांगून ठेवा, भोपाळ आलं की उठवा म्हणून. स्टेशनवर हेमंत येईल. त्याला सगळं सांगितलंय. जिना चढायला मी आहे.

आज सकाळी मी एक केलं. ह्यांचे चार शर्ट, तो स्ट्रायकर आणि मफलर घेतला, माझ्या साड्यांच्या खोक्यात मधोमध घातला, वर दाणे भरले आणि ह्यांच्यादेखत टेप लावली. म्हटलं, काढायचं असेल तर माझ्यासमोर काढायचं. बघत राहिले. काढलेले मात्र नाहीत अजून.

आवाज थांबलाय. बघून येते.

आहेत. स्टुलावरच डोळा लागला होता. हाक मारली तर म्हणाले, "काय झालं गं घाबरायला?"

काही नाही म्हटलं.

या वन्सं. येताना मध नको, तूप नको, काही आणू नका. रिकाम्या हातांनी या, तुमचे दोन्ही हात लागतील मला.

वाघीणबिघीण कोणी नाही, नुसती तुमची,
सुचेता