चिनी चित्रं आणि माझे धडधाकट डोळे

४ तारीख, सोमवार
डोळ्यांच्या डॉक्टरने पुन्हा मोतीबिंदूचं तुणतुणं वाजवलं. दोन्ही डोळ्यांत म्हणे. ऑपरेशन करणार नाही. सुनेला तोंडावर सांगितलं. सुईत दोरा जात नाही, तो हल्लीच्या सुयांचा दोष. पूर्वीच्या सुयांना भोक असायचं.

६ तारीख, बुधवार
नातीशी पैज लागली. ती चित्रकलेच्या कॉलेजात, त्यामुळे जिभेला हाड नाही. म्हणाली, आजी, आजकालच्या चिनी चित्रकारांचं प्रदर्शन लागलंय. मी दाखवीन त्या एका चित्रात काय आहे ते सांग. जिंकलीस तर वर्षभर ऑपरेशनचं नाव कोणी काढणार नाही. हरलीस तर मुकाट्याने टेबलावर. मुलगा आणि सून साक्षीला. मी हो म्हटलं. त्यात काय ओळखायचंय? चिनी म्हणजे बरण्या, रेशीम नाहीतर ड्रॅगन. तिन्ही उत्तरं पाठ केली.

९ तारीख, शनिवार, दुपारी बारा
आज तोंड बंद ठेवायचं. फक्त जिंकायचं.

शनिवार, संध्याकाळी सहा
असला भिकार कारभार जन्मात पाहिला नाही. पहिल्या हॉलमध्ये हजार वाट्या उपड्या घातलेल्या. पुसायला कोणी नाही. दुसऱ्यात टीव्हीवर एक बुवा वीट धुतोय. तासभर तीच वीट. माणसं हनुवटीला हात लावून बघतायत. एका दाढीवाल्याला विचारलं, पुढे काय होतं? म्हणाला, काहीच होत नाही, तेच तर आहे. म्हटलं, मग तुझ्या घरी वीट नाही का?
ड्रॅगन एकही नाही. बरणीचं झाकणसुद्धा नाही.
पैजेचं चित्र शेवटी. भिंतभर नुसतं राखाडी. फरशी पुसून फडकं वाळत घातल्यासारखं. लोकांना फसवेल तो चिनी, मला नाही. ठणकावून सांगितलं, रिकामं आहे, रंग संपले मेल्याचे. मागची बाई फिसकन हसली. नात म्हणाली, आजी, त्यात हजारो माणसं आहेत, नखाएवढी, प्रत्येकाच्या हातात छत्री. मी जवळ गेले. आणखी जवळ गेले. गार्ड ओरडला, आजी, चित्राला नाक लावू नका. म्हटलं, नाक लावण्यासारखं आहे काय त्यात?

१० तारीख, रविवार
पैज रद्द. एक तर उजेड कमी होता. चष्म्यावर वाफ आलेली. शिवाय माणसं नखाएवढी काढली ती दिसू नयेत म्हणूनच, म्हणजे न दिसणं हेच बरोबर उत्तर. हे सगळं सुनेला शांतपणे समजावलं. ती म्हणाली, अगदी बरोबर आहे आई तुमचं. मंगळवारी आठला निघायचंय.

१२ तारीख, मंगळवार, सकाळी सात
जाते. पण डॉक्टरला असे चार शब्द सुनावीन, की तोच हात जोडून घरी पाठवेल.

१४ तारीख, गुरुवार
सुनावायच्या आत त्याने भुलीचे थेंब घातले. एक डोळा झाला. काल पट्टी काढली.
आज ही वही उघडली. आपण कसं मुद्देसूद लिहितो ते जरा वाचावं म्हटलं. ओळीवर ओळ चढलेली. शब्द पानाच्या कडेवरून खाली पडलेले. एक वाक्य लागेना. नातीला विचारलं, माझ्या वहीत हे चिनी कोणी लिहिलं? ती म्हणाली, तूच, आजी.
सुनेला दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारली.