खऱ्या कॅसेटची पारख

प्रिय इंदू,

फोन केला की तू "हां बाबा, सब ठीक है" म्हणून मोकळी होतेस, म्हणून लिहून राहिलो. सोबतच्या डब्यात गेमची कॅसेट आहे. मामांनी मस्कतहून तुझ्यासाठी आणली होती ना, उड्या मारत किल्ल्यावर जाणाऱ्या मांजरीची, तोच खेळ.

रिटायर झाल्यापासून मी ती शोधत होतो. पहिली ब्राह्मणपाऱ्यात हिरालालच्या जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली. सुरू झाली, पण आज खेळलेलं उद्या पुसलेलं. हिरालाल म्हणाला, "पुरानी चीज है, चाचा." पलीकडच्या गल्लीत रीना टीव्ही दुरुस्त करते, माहेरची गोंदियाची. तिनं उघडून पाहिली आणि म्हणाली, "काका, तुमाले नकली देली." आत हिरव्या पट्टीवर डांबरासारखा काळा ठिपका होता. खरीत तिथं धातूचे बारीक पाय असलेल्या चिप असतात, पट्टीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. मागचा स्क्रू साध्या पेचकसानं उघडत नाही, आणि लेबलवर बारीक आकडा दाबलेला असतो, उजेडात तिरकं धरलं तरच दिसणारा. दुसरी कॅसेट मी स्क्रू पाहूनच परत केली. ही तिसरी माझ्या ऑफिसातल्या श्यामकांत देवघऱ्यांकडची, त्यांची मुलं आता परदेशात आहेत. आत कुण्या टिंकूचा अर्धा खेळ तसाच आहे. मी तो पुसू दिला नाही.

शोधताना ते वर्ष फार आठवलं. हे शहर नव्या राज्याची राजधानी नुकतंच झालं होतं. आपण नागपूरहून शंकर नगरात आलो तेव्हा तुला इथली हिंदी जमत नव्हती. शाळेत तुझ्या वतीनं शेजारची कौमुदीच बोलायची. संध्याकाळी तुम्ही दोघी जिन्यावर बसायच्या, एक खेळायची आणि दुसरी मांजरीचे जीव मोजायची. तुझी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोट्ट्यांनो, जेवा आता."

ही कॅसेट खरी आहे, पण तुझी नाही. तुझी हरवलीच नव्हती, इंदू. सहामाहीत तू गणितात नापास झालीस, त्या रागात कामावर जाताना मीच ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून नेली आणि भनपुरीच्या एका भंगारवाल्याला देऊन टाकली. संध्याकाळी तू घर पालथं घातलंस. मला विचारलंस, तर "मले नाही माहीत" म्हणालो. मग तू म्हणालीस, दुपारी फक्त कौमुदी आली होती. तिच्या आईनं आपल्या दारात, माझ्यासमोर, तिचं दप्तर रिकामं केलं. मी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. त्यानंतर तुम्ही दोघी कधी बोलल्या नाहीत.

गेल्या रविवारी मी कौमुदीकडे गेलो. ती इथंच शाळेत शिकवते. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, हे माझ्या आईले समजाले पाह्यजे होतं. ती तर दोन वर्षांमागं गेली." निघताना चपला घालत होतो, तर ती दारात आली. "इंदूले तुमीच सांगा. मी नाही सांगणार." म्हणून सांगून राहिलो. तिचा नंबर डब्याच्या झाकणावर लिहिला आहे. मला फोन नाही केलास तरी चालेल, तिला कर.

तुझाच,
बाबा