हिरव्या बटनाला कुंकू

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, दुपार
एवढं मोठं हिरवं बटन स्क्रीनवर उघडं सोडायचंच कशाला? पिठाच्या गिरणीचा खटका सुद्धा हात पुरणार न्हाई असा वर लावतात. आज हत्यारं पुजायचा दिवस. विळी, कोयता, ह्यांचे नट आवळायचे पाने, सगळ्याला हळदीकुंकू लावलं. सूनबाईचं हत्यार म्हणजे लॅपटॉप. सृष्टी अंघोळीला गेलती. झेंडू वाहिला, कुंकवाला जागा बघितली. हिरवं दिसलं, शुभ वाटलं, बोट टेकलं. स्क्रीन निघाली बोटावर चालणारी. पान बदललं. पदरानं पुसून बाजूला झाले. पूजाच केली, चोरी न्हाई.

संध्याकाळी
सृष्टीचं तोंड उतरलंय. पुण्याच्या ऑफिसात दुकानांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहितात, दुसऱ्यानं लिहिलेलं ती घरी बसून तपासती. तपासून झालं की हिरवं बटन, मग ते सगळ्यांच्या कामात मिसळतं. आज अर्धंच तपासलं होतं अन् पास झालं. औषधाच्या दुकानांची बिलं निघंनात. जुनं काम जपून ठेवलेलं असतं म्हणून परत फिरवता आलं. तिची साहेबीण निकिता मॅडम फोनवर लय बोलली. पोरगी म्हणती, माझाच हात लागला असंल. उद्या सोनं देताना सांगून टाकते.

२ ऑक्टोबर, दसरा
सणाला रडारड नको. उद्या.

४ ऑक्टोबर
आधी ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, लॅपटॉपवर नारळ न्हाई ना फोडला? ह्यांच्याशी बोलणं बंद. सृष्टीला सांगणारच होते, पण ती जेवत होती. आजपासून तिच्या टेबलाला हात लावणार न्हाई.

६ ऑक्टोबर
टेबलावर धूळ लय होती. नुसती झटकली. इंटरनेटच्या डब्याची वायर निघाली तर मी काय करू. मीटिंगमधून सृष्टी मधीच गायब. तिला वाटलं लाइट गेली. मी हो म्हणले.

९ ऑक्टोबर
फोनवरलं बोलणं कानावर आलं. ती पुण्याला जायचं बोलायलीय. मॅडमनंच बोलावलं असणार. माझ्या एका बोटापायी पोरगी घर सोडणार. ती बटनाचा बंदोबस्त करायलीय. आता दाबलं की ते विचारणार, नक्की का? अन् अजून एका माणसानं हो म्हणल्याबिगर काम पुढं सरकणार न्हाई. मी म्हणले, हे आधी करायला काय झालतं? तिनं लॅपटॉप माझ्यापासून जरा लांब सरकवला. उद्या सांगतेच.

१० ऑक्टोबर
डोकं दुखायलंय.

११ ऑक्टोबर
सांगितलं. पीठ मळता मळता. पुण्याला जाऊ नको, त्या मॅडमच्या मी पाया पडते म्हणले. सृष्टी म्हणली, आई, बटन कधी दाबलं ते तिकडं दिसतं, अन् तवा मी अंघोळीला होते. मला दसऱ्यालाच कळलं. वाट बघायलते, तुमी कधी बोलता. अन् पुण्याला मॅडमनं न्हाई बोलावलं, मीच बदली मागून घ्यायलेय. मग म्हणली, बटनाला विचारायला शिकवलं. तुमाला कसं शिकवू?
दहा दिवस जुळवलेलं सगळं बोलणं वाया गेलं. पिठाचे हात धुतले.
आता इथून पुढं विचारूनच हात लावीन, हे तिला सांगितलं. पण मी पण बजावलं, मला असं टांगून ठेवायचं न्हाई. जायचं का राहायचं, बुधवारपर्यंत जवाब पाहिजे. तोंडावर.