पापणीखालची काळी रेघ

आई,

परवा साताऱ्याला डोळा दाखवायला गेले होते. मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर अगदी पोरगेलासा. त्याने बॅटरी धरून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी काजळ पुसून या." मी म्हटलं, ते पुसलं जात नाही. मग त्याने भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. खालच्या पापणीवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती हे माझ्याकडून कळल्यावर तो छेद शोधू लागला आणि त्याला सापडेना. शेवटी मीच सांगितलं, ती काळी रेघ आहे ना, तोच छेद. मग सगळी कहाणी सांगावी लागली. बाहेर येऊन बाकावर बसले तर उठवेना. जन्मभर हेच सांगत आले आहे गं. शाळेत दर जूनला नवा वर्ग, आणि कुणीतरी एक धीट पोर विचारणारच, "बाई, एकाच डोळ्यात का काजळ?" सगळ्यांना सांगून झालं. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं तिला तेवढं सांगितलं नाही, म्हणून आज हा कागद घेतला.

लहानपणी माझ्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. त्या गेल्या, पण जाताना उजव्या डोळ्याची खालची पापणी आत वळवून गेल्या. पापणीचे केस बुब्बुळावर घासायचे, डोळ्यात कायम वाळू असल्यासारखं व्हायचं. तू मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उजेडाकडे तोंड करून निजवायचीस, डोकं मांडीवर घ्यायचीस आणि पायातला काटा काढायच्या चिमट्याने एकेक केस उपटायचीस. तुझ्या बोटांना जोंधळ्याच्या पिठाचा वास असायचा. मी हलले की टपली बसायची. चार दिवस बरं वाटायचं, मग तेच केस खुंटासारखे राठ होऊन परत यायचे. पुढे बुब्बुळावर पांढरं फूल पडून अंधुक दिसायला लागलं, आणि त्याच सुमारास लग्न ठरलं. मुलगा औंधाकडचा, पलटणीत होता. लढाई चालू होती, रजा मिळेल तेव्हा मुहूर्त, असं ठरलेलं. डोळा जातोय याची मला भीती होती. तुला भीती होती ती तोंडावर वण पडेल याची. दोघी आपापली भीती घेऊन आष्ट्याहून सर्व्हिस मोटारीने सांगलीला गेलो.

तो दवाखाना मला अजून दिसतो. डॉक्टर उंच, वाकून बोलणारे. त्यांनी सांगितलं, खालच्या पापणीच्या कातडीची बारीक पट्टी काढून टाके घालतो, म्हणजे कड बाहेर वळेल आणि केस टोचायचे थांबतील. तू त्यांचं बोलणं पुरतं होऊ दिलं नाहीस.

"आवं डागदरसायेब, गालावर कापू नका. पोरीचं लगीन हाय."

दुसरा कुणी असता तर खेकसला असता. ते स्टुलावर बसले आणि स्वतःच्या डोळ्याखाली बोट ठेवून तुला दाखवू लागले. इथे खाली, गालाच्या हाडाजवळ कापलं तर मला काम सोपं. पण तो वण उघड्यावर राहतो, आणि भरताना आक्रसून पापणीला खाली ओढतो. इथे वर, केसांच्या अगदी लगत कापलं तर कातडी पातळ, जखम लवकर भरते, वण केसाएवढा राहतो आणि पापणीच्या सावलीत दडतो. तू डोळे बारीक करून ऐकत होतीस, बाजारात बैलाचे दात बघताना बघायचीस तशी. मग ते मला म्हणाले, "हसा बघू." हसताना जिकडे सुरकुती पडते तिकडेच छेद न्यायचा, म्हणजे तो तिच्यात मिसळून जातो. मला कसलं हसू येतंय.

"आगं हास की," तू म्हणालीस. "घरात म्हशीनं शेपूट मारली तरी हसतीस, हितंच काय झालं?"

मी हसले, आणि तेवढ्यात त्यांनी निळ्या औषधाची रेघ ओढून घेतली. डोळ्यात थेंब घातले, सुई टोचली. पुढचं दुखलं नाही, फक्त कातडी ओढली जातेय एवढं कळत होतं. टाके काढून घरी सोडताना त्यांनी तुला तीनतीनदा बजावलं. जखमेला हळद लावायची नाही, चुना लावायचा नाही, कसला पाला वाटून घालायचा नाही. तू मान डोलावलीस, आणि तू ते सगळं पाळलंस, अगदी शब्दाला शब्द.

घरी आलो तर अख्खी गल्ली बघायला लोटली. डोळा कापून आलेली पोरगी कुणी पाहिली नव्हती. जी ती जवळ येऊन पापणीखाली निरखायची आणि म्हणायची, काय दिसत बी न्हाई की गं. सगळ्या गेल्यावर तू कावरीबावरी झालीस. एवढ्या नजरा लागल्या, त्यात लग्न तोंडावर. एरंडेलाचा दिवा लावलास, वर तांब्याची ताटली पालथी धरलीस, धरलेली काजळी तुपात खललीस आणि करंगळीने माझ्या दोन्ही डोळ्यांत घातलीस. तोंड धुताना माझी खपली निघाली होती, खाली ओलं होतं. काजळ झोंबलं. मी ओरडले तर म्हणालीस, "झोंबूं दे, दिष्ट लागली व्हती म्हनून झोंबतंय." काजळ हे तुझ्या लेखी औषध नव्हतंच. डॉक्टरांनी हळद म्हटलं, चुना म्हटलं, काजळाचं नाव कुठं घेतलं होतं?

डाव्या डोळ्याचं दुसऱ्या दिवशी धुऊन गेलं. उजव्याचं गेलं नाही. आपण परत सांगलीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पापणी ताणून भिंगातून पाहिली. मग म्हणाले, "छेद उत्तम भरलाय. पण काजळी आत बसली. आता ती निघत नाही, गोंदणासारखी." तू लगेच म्हणालीस, "मंग गोंदलंय म्हनायचं," आणि हसलीस. बाहेर पडल्यावर हळदीच्या पेठेतून चालताना तू पदर तोंडाला लावलास. हळद उडतीया, म्हणालीस.

लग्न झालं. डोळ्याबद्दल कुणी उणं काढलं नाही. नव्या नवरीच्या डोळ्यात काजळ असतंच, मी डाव्या डोळ्यात रोज घालून दोन्ही सारखे करायची. ते रजा संपून पलटणीत परत गेले, आणि पुढच्या सुगीच्या आधी तार आली. बांगड्या फुटल्या, कुंकू गेलं. डाव्या डोळ्यातलं काजळ मी घालायचं सोडलं. उजवं तसंच. सासूबाई वाईट नव्हत्या, आई. पोटचा पोरगा गेला होता त्यांचा. पण पाणवठ्यावर बायका कुजबुजायच्या आणि त्या घरी येऊन मला म्हणायच्या, "कपाळ पांढरं आन् डोळ्यात काजळ. लोकास्नी काय सांगू मी?" मी पदर उजवीकडे ओढून घ्यायला शिकले. मान आखडून यायची. अखेर त्यांनी तुला सांगावा धाडला, पोरीचा डोळा साफ करून आणा, न्हाईतर तिला तिकडंच ठेवा. तू आलीस, खाली मान घालून सगळं ऐकलंस आणि एवढंच म्हणालीस, "म्या घातलंय, मीच काढून आनते."

परत तेच डॉक्टर, तेच स्टूल. ते म्हणाले, रेघ कापून काढता येईल. पण खालच्या पापणीला कातडी मोजकी असते, आणि एक पट्टी आपण आधीच काढली आहे. आणखी काढली तर पापणी बाहेर लोंबेल, डोळा पुरता मिटणार नाही, जन्मभर पाणी गळत राहील.

"गळूं द्या," तू म्हणालीस. "तशीबी रडतीच हाय."

त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, काढू का? मी म्हटलं, नको. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं. तू माझा दंड धरलास, मी सोडवून घेतला. मोटारीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस, आणि आष्टा जवळ आल्यावर म्हणालीस, "सूड उगवतीस व्हय माझ्यावर?" मी गप्प राहिले.

सासर सुटलं. तू मला शिकायला घातलंस, मी मास्तरीण झाले, आपण दोघी एका घरात राहिलो. पण तू पुन्हा कधी माझ्या उजव्या अंगाला बसली नाहीस. जेवायला वाढलंस तरी डावीकडून. शेवटच्या दुखण्यातही तुझं तेच, तेवढं काढून घे गं. तुला वाटायचं, मी ती रेघ तुला दिसत राहावी म्हणून ठेवली.

तसं नव्हतं. लग्नानंतरच्या त्या रजेत ते एकदा परसात माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, तुझं काजळ पसरलंय. अंगठा जिभेला लावून त्यांनी डोळ्याखाली पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं. मी सांगितलं, ते जाणार नाही, आतलं आहे. "व्हय?" म्हणाले, आणि तरी पुसत राहिले. त्यानंतर ते असेपर्यंत रोज एकदा, जाणार नाही हे ठाऊक असून. त्यांचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. अंगठा आठवतो, बंदुकीने घट्टे पडलेला. त्यांनी जिथे हात लावला होता ती सगळी कातडी डॉक्टर कापून टाकणार होते, आणि मी नको म्हटलं.

हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं होतं? मला लाज वाटली गं, बाकी काही नाही. आता इतकी म्हातारी झाले, तू जाऊन जमाना लोटला, हा कागदही कुठे जायचा नाही, तरी एवढं लिहून झाल्यावर मी उठून दाराला कडी लावली आहे ना ते पाहून आले.