नाक्यावरचा नळ

बाबा, यंदाही चाळीच्या अंगणात तुमच्या फोटोला हार घातला. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुम्ही घोषणा देत पुढे झालात आणि गोळी झेललीत, असं वक्ते म्हणाले. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. तुम्ही सभांना जायचात, मुंबईसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचात, हे खरंच. पण त्या सकाळी तुमच्या हातात झारी होती.

लालबागच्या चाळीमागची ती चिंचोळी जागा आठवते. गिरणीतून सुटलात की तुम्ही आणि तुमचं बागकाम मंडळ तिथे रिकाम्या पत्र्याच्या डब्यांत रोपं वाढवायचात, आणि रविवारी चाळीतल्या पोरांना गोळा करून माती कालवायला शिकवायचात. मी तांब्यातून भसकन पाणी ओतलं तेव्हा सगळ्यांसमोर ओरडलात, "आंघोळ नको घालूस, पाणी पाज!" मी रडले. दुसऱ्या दिवशी एका डब्याला खिळ्याने भोकं पाडून माझ्यापुरती झारी करून दिलीत. ती मी उशाशी घेऊन झोपायची.

आणि मग ती संचारबंदीची सकाळ. आई दारात आडवी उभी आहे. "खय जातास? भायर गोळये सुटतत!"

"रोपांक पाणी घालून येतंय. रविवारी पोरांक देवची आसत."

"मरांदेत ती रोपां!"

तुम्ही हसता, तिच्या हाताखालून वाकून जाता. मागच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून नाक्यावरच्या नळाकडे वळलात. तिथेच पडलात.

रविवारी, कपाळ पुसलेली माझी आई चाळीमागे बसून पोरांना रोपं वाटत होती. मधले दिवस तिनेच त्यांना पाणी घातलं होतं. एक टोमॅटोचं रोप तिने माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतला. मला तुमचा भयंकर राग आला होता, बाबा. अजून आहे.

हे पत्र कुठे टाकायचं, म्हणून कपाटातच राहील. लोकांची चूक मी कधी दुरुस्त केली नाही, पुढेही करणार नाही. खरं सांगू? त्यांची गोष्ट मला बरी वाटते. तिच्यात तुम्ही मला सोडून रोपांकडे जात नाही.